म्हातारी जेवत नाही

१

"म्हातारी गेली!"

मी कारखान्याच्या दारात पाऊल टाकते न टाकते, तोच केमिस्टने ही बातमी माझ्या तोंडावर फेकली. मला वाटलं, मावशी गेल्या. मावशी म्हणजे या कारखान्याच्या मालकीणबाई, सत्तरी उलटलेल्या, आणि माझ्यावर त्यांचा जीव. पण मावशी तर समोर जिन्यात उभ्या होत्या, चांगल्या धडधाकट, आणि कुणावर तरी आवाज चढवत होत्या.

"अहो कोण गेली? नीट बोला की!"

"बरणीतली हो! बरणीतली म्हातारी!"

जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी परत वर आला. कारण या घरात बरणीतली म्हातारी जाणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे.

इथे झाडपाल्याचे अर्क आंबवतात. कोरफडीचा गर, जास्वंदीच्या पाकळ्या, डाळिंबाची साल, तांदळाचं पाणी. आंबवलेला अर्क मग क्रीममध्ये नाहीतर तोंडाला लावायच्या पाण्यात जातो. दह्याला लागतं तसं यालाही विरजण लागतं, आणि मावशींचं विरजण दहा लिटरच्या काचेच्या बरणीत बावीस वर्षं जिवंत होतं. रोज सकाळी त्यातलं थोडं नव्या मालाला लावायचं, जास्तीचं मोरीत ओतायचं, आणि बरणीत तेवढंच गोड पाणी घालायचं. याला सगळे म्हणतात "म्हातारीला जेवायला घालणं". वर बुडबुडे आले की म्हातारी जेवली. नाही आले तर रुसली.

मी काटेवाली. दर तीन महिन्यांनी येऊन इथले वजनकाटे आणि तापमापक तपासते, दुरुस्त करते, शिक्का मारते आणि जाते. इतरांच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, असा मी कानाला खडा लावलेला आहे. तो खडा वर्षातून दोन-तीनदा तरी पडतो.

त्या सोमवारी तो पडला, कारण अंगणात स्टुलावर ताई बसली होती. एकोणीस वर्षं म्हातारीला रोज भरवणारी बाई. तिच्या पायाशी तिची पिशवी उलटी करून टाकलेली होती. डबा, छत्री, लोकरीचे दोन बारके मोजे, सगळं फरशीवर. आणि ती ते उचलतही नव्हती.

"चोरटी!" जिन्यातून मावशी ओरडल्या. "चार वाजता वकील येतोय. तक्रार लिहून सरळ चौकीत देणार आहे मी!"

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

मावशींची खोली वरच्या मजल्यावर. एका दारातून घर, दुसऱ्या दारातून ऑफिस. त्या येरझाऱ्या घालत होत्या. मलाही बसवत नाही, त्यामुळे आम्ही दोघी उभ्याउभ्याच बोललो.

"ताईने? अहो, काय बोलताय काय?"

"मग काय मी मारली?" मावशींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "एक. तिला पोरीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजा हवी होती. मी चार दिली. तर जाताना काय म्हणाली माहितीय? 'तुमची म्हातारी तुम्हीच सांभाळा.' सगळ्यांनी ऐकलं. दोन. गुरुवार ते शनिवार पॅकिंगच्या काकांनी भरवलं. शनिवारी दुपारी केमिस्ट घरी गेला तेव्हा बरणी ठीक होती. रविवार सुट्टी, कुलूप. आज सात वाजता कुलूप उघडलं कोणी? हिने. दहा मिनिटांनी केमिस्ट आला तर ही बरणीशेजारी बसून रडतेय, आणि बरणी गळ्यापर्यंत पाण्याने भरलेली, मेलेली!"

"आणि तीन?"

मावशींनी लोखंडी कपाट उघडलं. आत फाइलींच्या मध्ये एक छोटी बाटली होती. गढूळ पिवळसर पाणी, आणि त्यात खालून वर चढणारे बारीक बुडबुडे.

"हे तिच्या पिशवीत निघालं. जिवंत! इकडची मारायची, तिकडची विकायची. बावीस वर्षांची माझी मेहनत!" त्यांचा आवाज फाटला. "तिच्या पोरीच्या लग्नात मी चार दिवस राबलेय गं."

त्यांना खरंच रडू येत होतं. मी आपलं म्हटलं, "मावशी, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"तू पण?" त्या एकदम उसळल्या. "सगळे माझ्या पोटामागे का लागलेत? शनिवारी संध्याकाळी डॉक्टर दारात हजर. मी बोलावला नाही, काही नाही. म्हणे, जेवण जात नाहीये ना? अरे, दुपारी चांगली चापून जेवले होते मी! काल सूनबाई प्रदर्शनाहून आली, तर चप्पल काढायच्या आधी विचारते, आई, पोट बरं आहे का? मला काय झालंय? मी काय मरायला टेकलेय?"

"तसं नाही हो."

"आज मात्र नाही खाल्लं," त्या खाली बसत म्हणाल्या. "आज घास उतरत नाही."

मी खाली आले. मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती, पण कशावर ते कळत नव्हतं.

३

म्हातारीची खोली तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला. बरणी एका काट्यावर ठेवलेली असते. काटाही माझाच, म्हणजे मी तपासलेला. एरवी बरणी सोडून तीन किलो वजन भरतं. आज आठ भरत होतं.

केमिस्ट माझ्या मागे-मागे आला. हा पोरगेला माणूस वर्षभरापूर्वी मोठ्या कंपनीतून इथे आला. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच तुणतुणं, बाजारातलं पुडीतलं विरजण आणा, ही बरणी फेकून द्या. त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर, हे उघडच सांगते.

"मॅडम, माझ्याकडे असं बघू नका," तो म्हणाला. "मला ती नको होती, कबूल. पण मारायचीच असती तर चमचाभर प्रिझर्व्हेटिव्ह टाकलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पाच लिटर पाणी कशाला ओतत बसलो असतो?"

बोलला ते मुद्द्याचं होतं.

"नुसत्या पाण्याने मरते का ही?"

"मुळीच नाही. पातळ होईल, दोन दिवस रुसेल. म्हणून तर म्हणतो, पाण्यात काहीतरी कालवलं असणार. नमुना पाठवलाय तपासायला. आठवडा लागेल."

"आठवडा! आणि चौकीत जायचं आज चारला?"

त्याने मान खाली घातली. त्यालाही ते पटत नसावं.

मी बरणीभोवती फिरले. बरणीच्या पोटावर जुन्या सालाचं कागदी लेबल होतं, त्याच्या कडा सुटून वर वळल्या होत्या. मागच्या खेपेला ते घट्ट होतं. मग मी झाकणातून आत सोडलेला तापमापक बघितला, आणि जागच्या जागी थबकले.

या तापमापकाला दोन काटे असतात. काळा काटा आत्ताचं तापमान दाखवतो. लाल काट्याला स्वतःची अक्कल नसते. काळा वर चढला की तो लालला पुढे ढकलतो, काळा परत खाली येतो, पण लाल तिथेच बसून राहतो, मी येऊन त्याला मागे फिरवेपर्यंत. तीन महिन्यांत सगळ्यात जास्त किती तापलं, ते मला त्यावरून कळतं. इतर कोणी त्याच्याकडे बघतही नाही. सगळ्यांना वाटतं, तो बिघडलाय.

काळा काटा एकोणीसवर होता. लाल एकोणसाठवर.

"केमिस्टसाहेब, एकोणसाठला हिचं काय होतं?"

त्याने वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "शिजते," तो म्हणाला.

"म्हणजे पाण्यात काही कालवलं नव्हतं. पाणी उकळतं होतं, बस्स. आता आठवून सांगा. आज सात-दहाला तुम्ही बरणीला हात लावलात का?"

"लावला की. हलवून पाहिली."

"कशी होती?"

"थंडगा..." तो मध्येच थांबला.

आठ किलो पाणी एकोणसाठपर्यंत तापवायचं आणि दहा मिनिटांत थंडगार करायचं, हे कोणाच्या बापालाही जमणार नाही. शिवाय इथला पाण्याचा बंब तापायलाच पाऊण तास लागतो, आणि तो आज नऊ वाजता सुरू झाला. ताईने आज सकाळी काहीच केलेलं नव्हतं. जे झालं ते शनिवारी दुपारनंतर झालं होतं.

आणि शनिवारी दुपारनंतर खाली एकच माणूस होता. पॅकिंगचे काका.

४

"काका? तो माणूस मुंगी मारायचा नाही," ताई म्हणाली.

ती अजून तिथेच बसली होती. मी तिच्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या, तशी ती थोडी भानावर आली. मी तिचा हात हातात घेतला. एकोणीस वर्षं बाटल्या धुणाऱ्या बाईचा हात, आणि लोण्यासारखा मऊ. माझे हात बघा, लाकडी पट्टीसारखे आहेत.

"ती बाटली याच्यासाठी ना?"

ताईने मान हलवली. "पहिल्या वर्षी हात फुटून रक्त यायचं हो. एकदा मोरीत ओतता ओतता थोडं हाताला चोळलं, तर दोन दिवसांत बरं वाटलं. तेव्हापासून मोरीत जाणाऱ्यातलंच थोडं घरी नेते. घरी माझी पण एक बारकी म्हातारी आहे, तिलाही रोज भरवते. रजेवर जाताना तीच बाटली दवाखान्यात लेकीजवळ नेली होती, आज तशीच पिशवीत राहिली. गटारात जाणारं नेलं, त्यात चोरी कसली? पण विचारलं नाही, ही चूक झाली माझी."

"आणि 'तुमची म्हातारी तुम्हीच सांभाळा'?"

"रागात बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला." तिचे डोळे भरून आले. "आज लेकीला काय सांगू मी? तुझ्या बाळाची आजी चोर आहे म्हणून? गावभर होईल हो. मला कामाचं काही नाही, कुठेही भांडी घासीन. पण पिशवी उलटी केली सगळ्यांसमोर. केमिस्टसमोर, सूनबाईंसमोर, दूधवाल्यासमोर."

मला इतका राग आला की मी उठून दोन फेऱ्या मारल्या. मग विचारलं, "काकांना तू शिकवलंस कसं?"

"सगळं लिहून दिलं होतं. गोड पाणी थंड करून घालायचं, हेही लिहिलं होतं. फक्त एक राहिलं. थंडी पडली की ती सुस्तावते, बुडबुडे येत नाहीत. मग मी माझा जुना स्वेटर गुंडाळते तिला. ते लिहायचं विसरले बघा. गुरुवारपासून थंडी वाढली ना."

म्हणजे गुरुवार-शुक्रवार म्हातारी जेवली नसणार. काका घाबरले असणार. आणि काका असे, की स्वतःच्या मनाने सुतळीचा तोडाही तोडणार नाहीत. कुणालातरी विचारल्याशिवाय ते उकळतं पाणी ओतणं शक्यच नाही.

शिवाय ती बरणी. थंड जाड काचेत उकळतं पाणी भसकन ओतलं तर तिचे दोन तुकडे व्हायला हवेत. हिला साधी चीरही नव्हती. कोणीतरी थोडं थोडं, जपून जपून घातलं होतं. खून करणारा एवढी माया दाखवत नाही.

"काका आहेत कुठे?"

"सकाळी आठला आले, तसे दारातूनच पाठवलं त्यांना," ताई म्हणाली. "ट्रान्सपोर्टच्या डेपोत, पार्सल घेऊन. पाचच्या आत येत नाहीत."

"कोणी पाठवलं?"

"सूनबाईंनी."

५

सूनबाई, म्हणजे मावशींची सून, विक्री बघते. हुशार पोरगी. पुढच्या महिन्यात मावशी अख्खा कारखाना तिच्या हातात देणार आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी गेले तेव्हा ती फोनवर होती, मला बघून तिने फोन ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"प्रदर्शन कसं झालं?"

"छान झालं. पण आल्या आल्या हे. सगळ्यावर विरजणच पडलं." आपण काय बोललो ते कळून ती ओशाळली. "म्हणजे... कल्चर गेल्याचं मलाही वाईट वाटतंय."

"शनिवारी इकडून कोणाचा फोन आला होता का?"

"इकडून? नाही. म्हणजे कामाचे येतच असतात. कल्चरबद्दल नाही कोणी बोललं. कल्चरबद्दल बोललं असतं तर मी लक्ष नसतं का दिलं?" तिने टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. "आणि त्या ताईंच्या पिशवीत कल्चर निघालं, त्याला मी काय करणार?"

"काकांना आजच का पाठवलं?"

"पार्सल अर्जंट होतं."

मी बाहेर आले. दीड वाजला होता. माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे चार फोन येऊन गेले होते, तिथे मला दुपारी पोचायचं होतं. मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. काहीतरी समोर होतं आणि दिसत नव्हतं.

कल्चर. कल्चर. कल्चर.

या कारखान्यात केमिस्टपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला म्हातारी म्हणतात. चुकूनसुद्धा दुसरा शब्द नाही. एकटी सूनबाई म्हणते कल्चर. का? तिला मराठी येत नाही असं थोडंच आहे! 'म्हातारी' हा शब्द आधीच दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवलेला असेल, तरच माणूस असं करेल.

आणि सकाळी दारात माझं काय झालं होतं? "म्हातारी गेली" ऐकलं, आणि मला कोण गेल्यासारखं वाटलं?

मी कपाळावर हात मारून घेतला. न बोलावता आलेला डॉक्टर. पोटाची चौकशी. सगळं डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं.

पण पुरावा? साप म्हणून भुई धोपटायची सोय नव्हती. मी डेपोत फोन लावला. तिथला ट्रक तोलायचा काटाही मीच तपासते, काटा सांभाळणारा माझा ओळखीचा. म्हटलं, काकांना असतील तसे पहिल्या गाडीत बसव आणि परत पाठव. तो म्हणाला, गाडी तीनला सुटेल, पुढचं माझ्या हातात नाही.

तीनला सुटली तर चारला पोचणार. वकीलही चारलाच येणार होता.

६

पावणेचारला मी सगळ्यांना म्हातारीच्या खोलीत बोलावलं. मावशींना खुर्ची दिली, बरोबर बरणीच्या समोरच्या भिंतीला. एका टोकाला बरणी, दुसऱ्या टोकाला मावशी, मध्ये केमिस्ट, ताई आणि सूनबाई.

"काय तमाशा आहे हा?" मावशी म्हणाल्या. "लवकर बोल. वकील येईल."

मी दार लावलं. तोंड शक्य तेवढं घाबरंघुबरं केलं आणि एका दमात म्हटलं, "अहो, म्हातारी दोन दिवस जेवत नाहीये. काय करू?"

केमिस्टने बरणीकडे पाहिलं. ताई तर धडपडून उभीच राहिली, बरणीकडे निघाली. खुद्द मावशींनीही बरणीकडे पाहिलं.

सूनबाईने पाहिलं मावशींकडे.

एक क्षणभरच. मग तिने मान वळवली, पण मी तिच्याकडेच बघत होते, आणि मी बघत होते हे तिला कळलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"शनिवारी काकांनी तुम्हाला फोन करून हेच विचारलं," मी म्हणाले. "हेच शब्द. हो ना?"

"मला... नाही, मला कोणी..."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मला वाटलं वकील. दार उघडलं तर काका. धुळीने माखलेले, टोपी हातात. त्यांनी माणसांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बरणीकडे मान लांबवली.

"काय हो, म्हातारीला उतार पडला का?"

मीच विचारलं, "काका, तुम्ही तिला काय दिलं होतंत?"

"गरम पाणी," काका म्हणाले. "दोन दिवस जेवत नव्हती ना. मी घाबरलो, मावशी ओरडतील म्हणून सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, थंड काही देऊ नका, चांगलं गरम गरम पाणी द्या, घोट घोट. नको म्हणाली तरी द्या, हट्टीच आहे ती. मी किटली उकळून पळीपळीने घातलं. दोन तास लागले. सांगितलं तसंच केलं हो, कणभर इकडेतिकडे नाही." मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "का? काही चुकलं का?"

"हट्टीच आहे ती," मावशी सावकाश म्हणाल्या.

सूनबाई रडायलाच लागली. "आई, मला वाटलं तुम्ही जेवत नाही! मी तिकडून डॉक्टर पाठवला, रात्रभर झोपले नाही. आज सकाळी बरणी बघितली, तेव्हा सगळं लक्षात आलं. पण सांगायचं म्हणजे, म्हातारी मी कोणाला समजले ते सांगावं लागलं असतं. पुढच्या महिन्यात तुम्ही सगळं माझ्या हातात देणार... मला वाटलं, ताईंना दोन शब्द ऐकावे लागतील, तेवढंच. मग पिशवीत ती बाटली निघाली, आणि मला तोंडच उघडता येईना."

"मला म्हातारी म्हणतेस?"

"सगळेच म्हणतात," काका बोलून गेले, आणि टोपी तोंडावर धरली.

मावशींनी एकदा बरणीकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बरं. चुकून झालं, कोणाचा वाईट हेतू नव्हता. बाटली कपाटात आहेच, तिच्यातून म्हातारी परत उभी करू. ताई, तू उद्यापासून ये कामावर. वकिलाला परत पाठवा. विषय संपला."

माझं डोकंच फिरलं.

"विषय संपला कसा?" मी ओरडलेच. "मावशी, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो! आज पळीभर गरम पाण्याची चूक झाली, ती चूकच. पण ही पोरगी आठ तास गप्प बसली, आणि तुम्ही एकोणीस वर्षांच्या बाईची पिशवी चारचौघांत उलटी केलीत. ते चुकून झालं का? त्याचं काहीच नाही? आज हे खपलं तर उद्या कोणाची पिशवी?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता इथलं काम सुटलं असंच मी धरून चालले. आणि ताई? ताईने कमरेचा ॲप्रन सोडला, घडी करून काट्याशेजारी ठेवला, पिशवी उचलली, आणि निघून गेली.

७

साडेपाचला मी माझी पेटी आवरत होते. दुसरं गिऱ्हाईक तर गेलंच होतं. मावशी जिना उतरून आल्या. एका हातात ती बाटली, दुसऱ्या हातात रिकामी वाटी.

"चल," त्या मला म्हणाल्या. मग मागे वळून गरजल्या, "आणि तुम्ही तिघंही. चला!"

ताईचं घर दोन गल्ल्या सोडून. आम्ही पाच जण एकामागोमाग चाललो होतो. दार लेकीने उघडलं, कुशीत तान्हं, पायात लोकरीचे मोजे. मागून ताई आली. तिने मावशींना पाहिलं, पण आत या म्हणाली नाही.

मावशींनी बाटली पुढे केली. "ही तुझी. माझ्या कपाटात राहिली होती."

ताईने बाटली घेतली.

मावशींनी वाटी पुढे केली. "विरजण मिळेल का गं? चमचाभर?"

ताई त्या वाटीकडे बघत राहिली. "पिशवी चौघांसमोर उघडलीत, मावशी," ती म्हणाली.

मावशींनी मागे वळून बघितलं. काका, केमिस्ट, सूनबाई, सगळे आहेत ना. शेजारच्या खिडकीत एक बाई डोकावत होती, तिलाही हाताने नीट जवळ ये म्हणून खुणावलं. आणि मग मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ताई, मी तुला चोर म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या घरातलं विरजण मेलंय, तुझ्या घरचं थोडं देशील का?"

सूनबाई पुढे आली. "माझ्यामुळे झालं, ताई. मी सकाळीच बोलायला हवं होतं. बोलले नाही." एवढंच म्हणाली, पण तिनेही ते मोठ्याने म्हटलं.

ताईने झाकण सैल केलं. फुस्स करून आवाज आला. तिने वाटीत थोडं ओतलं, चमचाभरापेक्षा जास्तच, आणि वाटीवर स्वतःच्या पदराचं टोक धरलं. मग तिने पहिल्यांदाच मावशींच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"

मावशींनी मान खाली घातली. "नाही."

"मग या आत. भांड्यात आहे थोडं, गरम करते."

"जपून हो, ताई," मागून काका घाईघाईने म्हणाले. "फार गरम नको."

पहिल्यांदा मावशीच हसल्या.